मीटरने खरेदी, अंदाजाने विक्री

३१ जानेवारी २०११ रोजी मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा वितरण परवाना संपला. दुसऱ्या दिवसापासून श्रीरामपूर, राहाता, राहुरी हे तालुके आणि संगमनेर-नेवाशाची काही गावे महावितरणच्या ताब्यात गेली. दीड लाखांहून अधिक ग्राहकांसाठी खांब तेच राहिले, तारा त्याच राहिल्या, डीपी म्हणजे रोहित्रेही तीच. बिलावरचे नाव तेवढे बदलले. ग्रामीण महाराष्ट्रात वीज वाटणारी ही एकमेव सहकारी संस्था. राज्य वीज नियामक आयोगाने त्या भागाचा परवाना तिच्याऐवजी महावितरणला दिला, तेव्हा तिच्याकडे दोन हजार कोटी रुपयांहून अधिक थकबाकी असल्याचे महावितरण सांगत होते. पुढे वाद अपिलीय न्यायाधिकरणात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात एक मुद्दा मोठा मासलेवाईक होता. खांब-तारा संस्थेच्या, वीज महावितरणची, मग त्या जाळ्याच्या वापराचे भाडे कोणी कोणाला किती द्यायचे?

बाहेरून पाहणाऱ्यांनी या शेवटाचा अर्थ झटपट लावला: पुढाऱ्यांची संस्था, वसुली नाही, म्हणून बुडाली. हे कारण पूर्ण खोटे नाही. पण तेवढ्याने भागत नाही. त्याच भागात, त्याच पुढाऱ्यांच्या आणि त्याच सभासदांच्या साखर कारखान्यांनी उभ्या देशाला सहकार शिकवला. मग साखरेत जमले ते विजेत का फसले?

ही संस्था आली कुठून, ते आधी पाहावे लागेल. १९६९ साली बी. वेंकटप्पय्या यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा आढावा समितीने खेड्यांच्या विद्युतीकरणासाठी स्वतंत्र वित्तसंस्था हवी, असे सुचवले आणि त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. सुरुवातीच्या भांडवलात पीएल-४८० करारातल्या रुपयांचा मोठा हात होता. म्हणजे अमेरिकेच्या गव्हाचे पैसे असे फिरून विजेच्या खांबांना लागले. सल्लाही अमेरिकेचाच होता. तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मदतीने भारतात पाच पथदर्शी संस्था निघाल्या: गुजरातेत कोडिनार, म्हैसूर राज्यात हुक्केरी, आंध्रात सिरसिला, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा.

महाराष्ट्रातली जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या साखर कारखान्याने १९५० साली गाळप सुरू केले होते. भंडारदऱ्याचे पाणी कालव्याने येत होते, विहिरी होत्या, ऊस होता. मोटेच्या जागी पंप बसवायला शेतकरी उतावीळ होता, आणि सभा, भागभांडवल, संचालक मंडळ या गोष्टी घराघरांत ठाऊक होत्या. सहकाराला याहून सुपीक जमीन देशात क्वचितच सापडली असती.

अमेरिकेकडून नमुना आला, पण त्याच्या मुळाशी असलेल्या दोन गोष्टी मागेच राहिल्या. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३५ च्या मे महिन्यात ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले, तेव्हा तिथल्या दर दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज होती. खासगी कंपन्या खेड्यांत जायला तयार नव्हत्या, कारण लांबच लांब तारांवर ग्राहक मोजके. शेतकऱ्यांनी आपल्या संस्था काढल्या, सरकारने त्यांना कर्ज दिले. १९४४ नंतर तर दोन टक्के व्याजाने आणि ३५ वर्षांच्या मुदतीने. आज तिथे अशा सुमारे ९०० संस्था आहेत, चार कोटींहून अधिक लोकांना त्या वीज देतात आणि देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर त्यांच्या तारा आहेत. ग्राहकांची विरळाई अजून तशीच आहे: मैलाला सरासरी आठच्या आसपास, तर खासगी कंपन्यांकडे तीसच्या वर. तरीही त्या टिकल्या. बहुतेक राज्यांत त्यांचे संचालक मंडळ विजेचा दर स्वतः ठरवते, आणि अनेक वितरण संस्थांनी एकत्र येऊन स्वतःच्या वीजनिर्मिती संस्था उभारल्या आहेत. वर्षाअखेरीस काही उरले तर ते सभासदाच्या वापराच्या प्रमाणात त्याच्या खात्यावर मांडले जाते आणि काही वर्षांनी परत केले जाते. खरेदीचा दर आणि विक्रीचा दर, दोन्हींवर सभासदांचा काही ना काही ताबा असतो.

मुळा-प्रवरेकडे यातले काहीही नव्हते. वीज राज्य वीज मंडळाकडून, २००५ च्या विभाजनानंतर महावितरणकडून, घाऊक दराने घ्यायची. तो घाऊक दर आधी मंडळाचा, नंतर आयोगाचा. आयोगाच्या दरपत्रकात मुळा-प्रवरेसाठी वेगळा रकानाच असे. विकायचा दरही बाहेरच ठरायचा आणि शेतीपंपाच्या दरावर मुंबईतल्या प्रत्येक सरकारची नजर असायची. संचालक मंडळाच्या हाती उरले काय? खांब रोवणे, तारा ओढणे, बिले वाटणे आणि ती वसूल करणे. यातली पहिली दोन कामे लोकांना आवडणारी, चौथे मते घालवणारे.

अशा संस्थेचा वार्षिक अहवाल वाचण्याची एक रीत आहे. पहिल्या पानांवर श्रद्धांजली, अध्यक्षांचे मनोगत, नव्या उपकेंद्राच्या भूमिपूजनाचा फोटो, अहवाल सालात दिलेल्या जोडण्यांची संख्या. हे सगळे भराभर उलटावे. संस्थेची खरी तब्येत मागच्या पानांवरच्या तीन आकड्यांत असते: किती युनिट घेतली, किती युनिटांची बिले काढली आणि बिलांपैकी किती पैसे जमा झाले. समजा, १०० युनिट उपकेंद्रावर आली. तारांतली गळती, आकडे टाकून केलेली चोरी आणि बंद मीटर वजा जाता बिल निघाले ७५ युनिटांचे. त्या बिलांपैकी ८० टक्के रक्कम आली. म्हणजे शंभरातल्या साठच युनिटांचे पैसे हाती आले, पण संस्थेने वरच्या कंपनीला शंभराचे द्यायचे आहेत. वीज क्षेत्रात या चाळीस टक्क्यांना एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी म्हणतात. सभेत मात्र ‘वितरण गळती’ एवढाच, त्यातल्या त्यात सभ्य दिसणारा आकडा वाचून दाखवला जातो.

हेही झाले मीटर असलेल्या जगाचे. शेतीपंपांच्या जगात पुष्कळदा मीटरच नसतो. महाराष्ट्रात १९७० च्या दशकातच पंपाच्या अश्वशक्तीवर ठोक आकारणी आली. पाच एचपीचा पंप वर्षात पाचशे तास चालो की दोन हजार तास, बिल तेवढेच. कागदावर पाच आणि विहिरीवर साडेसात, हा प्रकारही गावोगाव चालतो. २००३ च्या वीज कायद्याने दोन वर्षांत प्रत्येक जोडणीला मीटर बसवण्याची अट घातली, पण राज्यात आजही लाखो पंप मीटरविना आहेत. वरून घेताना प्रत्येक युनिट मीटरने मोजून घ्यायचे आणि खाली विकताना अंदाजाने विकायचे, असा हा व्यवहार. त्याचा एक फायदा मात्र सगळ्या वीज कंपन्यांनी करून घेतला. चोरी आणि गळती जिथे लपवायची तिथे ‘शेतीचा वापर’ म्हणून दाखवता येते. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट हे वर्षानुवर्षे मांडत आला आहे: शेतीपंपांचा वापर फुगवून दाखवला जातो आणि गळती कमी दिसते. शेतकरी फुकट्या ठरतो आणि कंपनीची अकार्यक्षमता झाकली जाते. सहकारी संस्था असो की सरकारी कंपनी, या मोहातून सुटलेली विरळाच.

शेतावरून हेच चित्र कसे दिसते? आठवड्याचे काही दिवस दिवसा आठ तास वीज, उरलेले दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन उसाच्या फडात बारे द्यायला जायचे, आणि संगमनेर-राहुरीच्या पट्ट्यात फडात बिबट्या आहे हे ठाऊक असताना जायचे. म्हणून पंपाला ऑटो स्विच लागतो: लाइन आली की पंप आपोआप सुरू. एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की दाब कोसळतो, मोटार गरम होते आणि कधी डीपीच जळते. कपॅसिटर बसवला तर दाब सुधारतो, पण तो स्वखर्चाने बसवायचा आणि फायदा डीपीवरच्या सगळ्यांचा. मग एकट्याने का बसवावा? जळालेली डीपी बदलून मिळेपर्यंत पीक वाळते. ती लवकर मिळावी म्हणून गावकरी वर्गणी काढतात, ट्रॅक्टरही आपलाच नेतात. एवढे सोसून पुन्हा वीजबिल कशाचे भरायचे, हा प्रश्न शेतकरी विचारतो आणि त्याला सरळ उत्तर नसते. बिलाचे पैसे येत नाहीत म्हणून दुरुस्ती होत नाही, आणि दुरुस्ती होत नाही म्हणून कोणी बिल भरत नाही.

साखर कारखाना आणि वीज संस्था यांच्यातला खरा फरक इथे सापडतो. कारखान्यात सभासद विक्रेता असतो. ऊस आधी कारखान्याच्या गव्हाणीत पडतो, पैसे नंतर सभासदाला मिळतात, आणि मधल्या वेळी सोसायटीचे कर्ज, ठेव, देणगी, जे काही कापायचे ते कारखाना कापून घेतो. दूध संघातही तेच. वीज संस्थेत सभासद गिऱ्हाईक असतो. वीज वापरून झाली, पिकाला पाणी बसले, मग संस्थेने दारात जाऊन पैसे मागायचे. मागणारा वायरमन गावचाच, त्याचा साहेब संचालकाच्या शब्दाबाहेर नाही, आणि संचालकाला पाच वर्षांनी याच माणसाचे मत हवे. महाराष्ट्राच्या सहकाराची सारी वसुली ‘कपाती’वर उभी आहे, जिथे कपात करता येत नाही तिथे आपला सहकार लंगडतो. हे उशिरा का होईना, सरकारच्याही ध्यानात आलेले दिसते. २०२० च्या कृषीपंप वीज धोरणात बिलवसुलीच्या कामी साखर कारखाने आणि सहकारी संस्थांना घेण्याची तरतूद आली, आणि गावातून वसूल झालेल्या रकमेपैकी ३३ टक्के त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या वीजकामांवर खर्च करण्याचे ठरले.

राजकारणाने उरलेली कसर भरून काढली. २००४ च्या निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. निवडणूक जिंकल्यावर विलासराव देशमुख यांच्या सरकारने २००५ मध्ये ती मागे घेतली. बिल भरणाऱ्याला त्यातून कोणता धडा मिळाला असेल, हे सांगायला नको. थकबाकी ठेवणाराच शहाणा, हे एकदा गावात पक्के झाले की कोणतेही संचालक मंडळ ते पुसू शकत नाही.

मोठ्या कंपनीला असे धक्के पचवता येतात. महावितरणकडे भांडुप आहे, पुणे आहे, चाकणचे कारखाने आहेत. तिथल्या चढ्या दरातून शेतीच्या सवलतीचा काही भार उचलला जातो. मुळा-प्रवरेच्या पाच तालुक्यांत मोठा उद्योग म्हणजे साखर कारखाने, आणि ते आपली वीज चोथ्यापासून बरीचशी स्वतःच करून घेतात. म्हणजे ज्याच्याकडून जास्त घ्यावे असा ग्राहकच हद्दीत फारसा नाही. छोट्या हद्दीची ही अडचण १९६९ च्या आराखड्यात कुणाला दिसली नसेल असे नाही. तेव्हा खेड्यापर्यंत तार पोचणे हेच उद्दिष्ट होते, आणि तार पोचली.

मग हुक्केरी आणि सिरसिला कशा टिकल्या? बेळगाव जिल्ह्यातला हुक्केरी तालुका महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरचे संकेश्वर याच तालुक्यातले. तिथली संस्था अजून वीज वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये झालेली तिच्या संचालक मंडळाची निवडणूक कत्ती आणि जारकीहोळी या दोन घराण्यांनी आमदारकीच्या ईर्षेने लढवली. तेलंगणातल्या यंत्रमागांच्या सिरसिला गावातही २०२२ च्या डिसेंबरात वीज संस्थेच्या निवडणुकीत राजकीय पक्ष थेट उतरले होते. राजकारणाने संस्था बुडतात हे खरे मानले तर या दोन्ही केव्हाच बुडायला हव्या होत्या. त्यांना तारले ते वेगळ्याच गोष्टीने. कर्नाटकात २००८ पासून १० एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. आंध्रात २००४ पासून शेतीला मोफत वीज आहे, तेलंगणाने ती पुढे चालवली. शिवाय आंध्रच्या आयोगाने या संस्थांसाठी सवलतीचा स्वतंत्र घाऊक दर ठेवला होता. सभासदाच्या दारात जाण्याची वेळ आली नाही, वसुली राज्याच्या तिजोरीतून झाली. अर्थात तेही सगळ्यांना पुरले नाही. आत्मकूर, रायचोटी, कदिरी, जोगीपेठ इथल्या संस्था सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. आणि ज्या टिकल्या त्यांच्याबद्दल हा प्रश्न विचारायलाच हवा, की घाऊक दर सरकारी, किरकोळ दर सरकारी, शेतकरी गिऱ्हाईक सरकारच्या पैशावर, मग त्यांत सहकारी ते काय राहिले? सभेचा चहा आणि निवडणूक.

बांगलादेशाने तिसरी वाट धरली. १९७७ च्या अध्यादेशाने ग्रामीण विद्युतीकरण मंडळ आणि त्याखाली पल्ली विद्युत समित्या निघाल्या. नमुना पुन्हा अमेरिकनच. आज ८० समित्या साडेतीन कोटींवर ग्राहकांना वीज देतात. मंडळाचा वचक कडक होता आणि वसुलीची शिस्तही सुरुवातीपासून राखली गेली. पण सामान-खरेदी आणि बढत्या-बदल्या मंडळाच्या हाती, तर ग्राहकांचे बोल समित्यांच्या माथी, हा असंतोष साचत गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये समित्यांच्या कर्मचाऱ्यांनी काही जिल्ह्यांत पुरवठाच बंद पाडला.

महाराष्ट्रात आता फासे पुन्हा पालटले आहेत. जुलै २०२४ मध्ये राज्याने ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी पाच वर्षांची मोफत वीज योजना आणली. सुमारे ४४ लाख पंप आणि वर्षाला १४ हजार कोटींहून अधिक खर्च. मुळा-प्रवरेच्या अहवालांना पिढ्यान्पिढ्या छळणारा वसुलीचा रकाना सरकारने एका निर्णयाने आपल्याकडे घेतला, संस्थेचा परवाना संपून तेरा वर्षे झाल्यावर. अनुदान वेळेवर आले तर, ही अट अर्थातच त्यात दडलेली आहे. वीज कायद्याचे ६५ वे कलम अनुदान आगाऊ द्यावे असे सांगते आणि राज्ये ते सोयीने पाळतात.

दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत. उद्दिष्ट आहे १६ हजार मेगावॉटचे. शेतीला दिवसा वीज मिळेल, रात्रीचे बारे थांबतील, ही त्यातली मोठी गोष्ट. २०१७ साली ही योजना आली तेव्हाच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक राळेगणसिद्धीत, म्हणजे मुळा-प्रवरेच्याच जिल्ह्यात झाला. खासगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. प्रकल्प मात्र बहुतांशी कंपन्यांचे आहेत. शेतकरी जमिनीचा मालक किंवा विजेचा लाभार्थी, भागीदार नाही. सहकाराच्या जिल्ह्यांतही या कामी सहकारी संस्था पुढे आल्या नाहीत, हे जरा नवलच. मुळा-प्रवरेने तोंड पोळलेले होते, हे एक कारण असावे.

गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने २०१६ साली वेगळी मांडणी करून पाहिली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने तिथल्या मूठभर शेतकऱ्यांनी सौरपंप बसवले, आपली सहकारी मंडळी नोंदवली आणि पंपाला लागून उरलेली वीज सरकारी वीज कंपनीला युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी विकायचा २५ वर्षांचा करार केला. बदल्यात स्वस्त शेतीविजेच्या जोडणीवरचा हक्क सोडला. एवढा बदल होताच हिशेब उलटा फिरतो. पाणी जास्त उपसले तर विकायची वीज कमी होते, म्हणून पंप जपून चालतो. वीज आधी मंडळीच्या मीटरमधून जाते, पैसे नंतर शेतकऱ्याकडे येतात, आणि मधल्या वेळी कपात करता येते. जिल्हा अमूलचा, दूध आधी, पैसे नंतर, ही सवय तिथे जुनी आहे.

हा प्रयोग इवलासा होता. त्याला जल व्यवस्थापन संस्थेने वरून प्रोत्साहनाची रक्कमही दिली होती, आणि ती काढल्यावर गणित किती टिकते याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. २०१८ मध्ये गुजरात सरकारने याच धर्तीवर सूर्यशक्ती किसान योजना आणली. महाराष्ट्रात तसे करायला कायद्याची आडकाठी नाही: २००३ च्या कायद्याचे पाचवे कलम ग्रामीण भागात घाऊक वीजखरेदी आणि स्थानिक वितरण पंचायती, वापरकर्त्यांच्या संघटना आणि सहकारी संस्थांमार्फत करण्याचे धोरण आखायला सांगते, आणि तेरावे कलम अशा संस्थांना परवान्यातून सूट देण्याची वाट मोकळी ठेवते. प्रवरा आणि मुळेच्या खोऱ्यात आज सौर पट्ट्यांसाठी जमिनी दिल्या जात आहेत. ते करार होत आहेत एकेका शेतकऱ्याच्या नावाने.